कुळागरात सीता अशोक कसा रुजवावा आणि कसा जगवावा

मे महिना सरत आला की गोव्यातल्या आमच्या घरामागच्या कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, व्हाळाकाठी (ओढ्याकाठी) मी रोज सकाळी एक फेरी मारते. पोफळींची शेवटची ओळ संपते तिथे एक जुना सीता अशोक उभा आहे. माझ्या सासऱ्यांच्या लहानपणीही तो एवढाच होता म्हणे. त्या दिवसांत त्याच्या चपट्या शेंगा जांभळट रंग सोडून काळपट होत जातात, आणि एके दिवशी पायाखाली काहीतरी कुडकन मोडतं. वाकून पाहावं तर शेंगेचं पीळ पडलेलं टरफल. त्या दिवसापासून माझ्या हाती जेमतेम पंधरवडा असतो.

पुढचं सगळं काम या पंधरवड्यावर उभं आहे, म्हणून ते आधीच सांगते. अशोकाची बी मूग-चवळीसारखी डब्यात भरून ठेवता येत नाही. तिच्यात ओल आहे तोवरच ती जिवंत. सुकली की गेली. मी पहिल्या वर्षी ओंजळभर बिया अंगणात उन्हात वाळवल्या, राख लावली आणि बरणीत ठेवल्या, दोडक्या-काकडीच्या ठेवतो तशाच. पुढच्या जूनमध्ये त्या पेरल्या. एकही उगवली नाही. वनमहोत्सव जुलैत असतो म्हणून मे महिन्यात गोळा केलेली बी तोवर गोणीत ठेवणाऱ्यांचंही हेच होतं. मग 'अशोक रुजायला फार कठीण' असा समज पसरतो. खरं तर ताजी बी अगदी सहज रुजते.

हे झाड मूळचं आपलंच. सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांत सह्याद्रीच्या पायथ्याला, बारमाही व्हाळांच्या काठाने, मोठ्या झाडांच्या सावलीत ते वाढतं. धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत १९९८ साली त्याची नोंद 'असुरक्षित' म्हणून झाली. कारणं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहेत. अशोकारिष्ट या आयुर्वेदिक औषधासाठी सालीला देशभर मागणी आहे आणि ती साल बऱ्याच अंशी रानातल्या झाडांची सोलली जाते. व्हाळाकाठची ओलसर, खोल मातीची जागा बागायतीलाही हवीच असते, त्यामुळे सपाटीकरणात पहिला बळी काठावरच्या झाडांचा जातो. आणि एकदा झाड गेलं की मागे मातीत बियांचा साठा राहत नाही, कारण या बिया मातीत वर्षभर टिकतच नाहीत. मातृवृक्ष, म्हणजे बी देणारं झाड, गेला म्हणजे त्या काठावरून अशोक गेला.

आधी खात्री करा, हा तोच अशोक आहे का

नर्सरीत नुसता 'अशोक' मागितला की बहुतेक वेळा हातात येतो तो खांबासारखा सरळसोट वाढणारा, नागमोडी कडांच्या लांब पानांचा. बंगल्यांच्या कुंपणाला आणि शाळांच्या आवारात ओळीने उभा असतो तोच. त्याला खोटा अशोक किंवा आसुपालव म्हणतात. तो सीताफळाच्या कुळातला. आपला सीता अशोक, शास्त्रीय नाव सराका असोका, हा चिंच, आपटा, कांचन यांच्या कुळातला. दोघांचं नातं फक्त नावापुरतं.

ओळखायला पान पुरतं. खोट्या अशोकाचं पान एकटं, साधं. खऱ्याचं संयुक्त: एकाच मधल्या दांड्यावर चार ते सहा जोड्या पर्णिका, आणि टोकाला सुटी एकटी पर्णिका नाही. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान झाड पाहिलंत तर शंकाच उरत नाही. फुलांचे गुच्छ जून फांद्यांवर, कधी थेट खोडावर फुटतात. फुलाला पाकळ्या नसतातच. जे रंगीत दिसतं ते निदल, म्हणजे फुलाचं बाहेरचं आवरण. आधी पिवळसर केशरी, मग शेंदरी, मग लाल, त्यामुळे एकाच गुच्छात तिन्ही रंग दिसतात. त्यातून लांब पुंकेसर बाहेर आलेले असतात. संध्याकाळी वास दाटतो तेव्हा झाड न दिसताही ते कुठे आहे ते कळतं.

आणखी एक गोंधळ अलीकडे वाढला आहे. पिवळ्याजर्द मोठ्या गुच्छांचा एक परदेशी सराका शोभेचं झाड म्हणून विकला जातो. तो आग्नेय आशियातला. बागेत हवा तर लावा, पण इथल्या व्हाळाकाठी लावण्यासाठी तो घेऊ नका. नर्सरीवाल्याला 'ही बी कुठल्या झाडाची?' एवढं विचारा. उत्तर आलं नाही तर रोप घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

मातृवृक्ष शोधा

हे काम फुलांच्या दिवसांत करायचं. एरवी हिरव्या गर्दीत अशोक पटकन डोळ्यात भरत नाही. फुललेला असला की दुरून सापडतो. आपल्या आणि शेजारच्या कुळागरांत, देवळाच्या तळीकाठी, देवराईच्या कडेला, जुन्या पायवाटेवर जिथे जिथे झाड दिसेल तिथली नोंद वहीत करा: जागा, खोडाचा घेर, फुललं का, आजूबाजूला लहान रोपं आहेत का, साल कुठे सोललेली आहे का. घेर मोजायची सर्वमान्य उंची जमिनीपासून १.३७ मीटर, म्हणजे साधारण छातीइतकी. शिंप्याची टेप पुरते.

एकाच झाडाची बी सोयीची असते, पण ती सगळी भावंडं. पन्नास रोपं लावली आणि सगळी एकाच आईची निघाली, तर पुढे त्यांच्यातच परागीभवन होत राहणार आणि एखादा रोग आला तर सगळ्यांना एकदम गाठणार. म्हणून जमेल तितक्या वेगवेगळ्या, एकमेकांपासून दूर असलेल्या झाडांची थोडी थोडी बी घ्या. पाच-सहा झाडं मिळाली तरी आनंद माना, दहा मिळाली तर उत्तमच.

बी गोळा करायची ती आपल्या किंवा परवानगी मिळालेल्या खासगी जागेतूनच. म्हादई आणि नेत्रावळी ही १९९९ साली घोषित झालेली अभयारण्यं, शिवाय खोतीगाव आणि मोले, इथून वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय बी, रोप, साल काहीही आणता येत नाही. कोमुनिदादची, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक मालकीची, जागा असेल तर कोमुनिदादला विचारा, देवराई असेल तर देवस्थानाला. सत्तरीत देवराईतून काडीदेखील न उचलण्याची रीत अजून पाळली जाते, आणि त्या रितीमुळेच व्हाळाकाठचं जुनं रान आज पाहायला मिळतं. ब्रह्माकरमळीजवळच्या बांबरला निरंकाराच्या राईत पाणथळीतली रानजायफळाची झाडं आपली मुळं चिखलाबाहेर काढून उभी आहेत, तीही देवाच्या नावानेच राहिली. 'संवर्धनासाठीच नेतोय' म्हणून अशा जागी हात घालू नये.

शेंगा आणि तो पंधरवडा

शेंगा मे अखेरपासून पक्व होऊ लागतात आणि जूनभर, कुठे जुलैतही मिळतात. सावलीतलं झाड उशिरा, मोकळ्यावरचं लवकर. शेंग वीतभर लांब, चामड्यासारखी, आत चार ते आठ बिया. हिरवी किंवा जांभळी शेंग तोडू नका. आतली बी पोसलेली नसते. काळपट तपकिरी झालेली, टोकाशी उकलायला लागलेली शेंग घ्यावी, किंवा झाडाखाली जुनी साडी अंथरून दर दिवसाआड पडलेल्या बिया वेचाव्यात. आमच्याकडे नारळ पाडायला येणारे पाडेली दादा पिकलेल्या शेंगा आकडीने अलगद ओढून देतात. फांदी मोडायची नाही, एवढं एकच सांगावं लागतं.

झाडाची सगळी बी नेऊ नये. मी तीन शेंगांमागे एक घेते. उरलेल्या खारी, साळिंदर, उंदीर खातात, आणि त्यातल्याच काही व्हाळाकाठी रुजतात.

घरी आणल्यावर त्याच दिवशी बिया काढा. शेंग पडवीत दुपारभर ठेवली तरी आपोआप उकलते, उन्हात टाकायची गरज नाही. एखादी बी हातात घेऊन पाहा: खारकेहून जरा रुंद, बाजूने चपटी, तपकिरी, गुळगुळीत. नखाने दाबली तर दबत नाही, आणि तिच्या आकाराच्या मानाने वजनदार लागते. हलकी वाटली, हलवल्यावर खुळखुळली, बारीक भोक दिसलं, तर बाजूला टाका. शंका असली तर त्या ढिगातल्या दोन बिया सुरीने उभ्या चिरा. आतल्या डाळिंब्या घट्ट आणि ओलसर असल्या तर ढीग चांगला. करड्या, सुरकुतलेल्या निघाल्या तर तो ढीग पेरण्यात वेळ घालवू नका.

मग बिया साध्या पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी तरंगणाऱ्या काढून टाका, बुडालेल्या त्याच दिवशी पेरा. पेरणं शक्य नसेल, गावाला जायचं असेल, तर ओलसर वाळूत किंवा नारळाच्या भुश्यात थर देऊन, तोंड सैल बांधलेल्या कापडी पिशवीत, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा. हा आठवडाभराचा उपाय. फ्रिजमध्ये ठेवू नका आणि हवाबंद डब्यात तर नाहीच; श्वास कोंडून बुरशी धरते.

पिशव्या, माती आणि पागोळ्या

पिशव्या मे महिन्यातच भरून तयार हव्यात. शेंगा उकलायला लागल्यावर मातीची जमवाजमव करायला गेलात तर पंधरवडा तिथेच संपतो. सहा बाय नऊ इंचाची पिशवी चालते, त्याहून उंच मिळाली तर आणखी बरं, कारण अशोकाचं सोटमूळ पहिल्या वर्षीच खाली धावतं. तळाला आणि बाजूला भोकं पाडायला विसरू नका. माती दोन भाग, नदीची वाळू एक भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत एक भाग. कच्चं शेण घातलं तर ते तापतं आणि कोंब जळतो. मातृवृक्षाखालची पातेऱ्यातली, म्हणजे सुक्या पानांच्या थरातली, मूठभर माती मी प्रत्येक पिशवीत मिसळते. ज्या मातीत हे झाड पिढ्यान् पिढ्या राहिलं तिची ओळख रोपाला असावी असं मला वाटतं.

बी आडवी ठेवायची, उभी नाही. वर एक-दीड सेंटिमीटर माती पुरते. एका पिशवीत एकच.

आता गोव्याच्या पावसाचं. आपल्याकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पेरणी नेमकी त्या धारेतच होते. पिशव्या जमिनीवर ठेवल्या तर दोन दिवसांत पाण्यात बसतात आणि बी कुजते. म्हणून चिऱ्यांवर फळी टाकून तिच्यावर ठेवा. घराच्या वळचणीला ठेवणार असाल तर पागोळ्यांच्या रेषेपासून हातभर आत. पागोळीची धार एकाच जागी पडून माती खोदते आणि बी उघडी पडते. हे मी शिकले तोवर वीस पिशव्या गेल्या होत्या. वर माडाच्या चुडतांचा विरळ मांडव किंवा अर्धी सावली देणारी हिरवी जाळी.

साधारण तीन आठवड्यांत कोंब दिसतो, काहींना दीड महिनाही लागतो. घाईने माती उकरून पाहू नका. आणि कोंब आल्यावर एक चूक हमखास होते, ती टाळा. अशोकाची कोवळी पानं जन्मतःच मान टाकून असतात. तांबूस जांभळी, रेशमासारखी मऊ, ओल्या फडक्यासारखी लोंबणारी. नवखा माणूस ती पाहून म्हणतो, रोप सुकलं, आणि वर तांब्याभर पाणी ओततो. रोज तेच. आठवड्याभरात मूळ सडतं आणि मग रोप खरोखरच मरतं. ही पानं काही दिवसांनी आपोआप हिरवी होतात, ताठ होतात. तोवर मातीला बोट लावून पाहा. ओल असेल तर पाणी घालू नका. मोठ्या झाडालाही नवी पालवी अशीच लोंबती येते, आणि माझ्या डोळ्यांना ती फुलांइतकीच सुंदर दिसते.

पावसात मोठा शत्रू म्हणजे गोगलगाय, विशेषतः ती मुठीएवढ्या शंखाची आफ्रिकन. एका रात्रीत कोवळा शेंडा फस्त करते. रात्री बॅटरी घेऊन हाताने वेचाव्यात, हातमोजे घालून. मिठाचं पाणी पिशव्यांजवळ शिंपडू नका, माती नासते.

ज्यांना बी मिळाली नाही त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. जुलैत मातृवृक्षाखाली कधी कधी रोपांची गादीच उगवलेली असते. त्यातली बहुतेक पुढच्या मार्च-एप्रिलपर्यंत टिकत नाहीत: काही सुकतात, काही तुडवली जातात, काही पातेऱ्याबरोबर झाडून जाळली जातात. खासगी कुळागरातली अशी दोन-चार पानांची रोपं, मुळाभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट, भर पावसाच्या दिवशी उचलून पिशवीत लावली तर जगतात. दहातली तीन घ्या, बाकी तिथेच राहू द्या.

जागा

रोप पिशवीत वर्षभर ठेवून पुढच्या पावसाळ्यात लावायचं. तोवर ते फूट-दीड फुटाचं होतं. दोन वर्षांहून जास्त पिशवीत राहिलं तर सोटमूळ तळाशी गोल फिरतं, आणि असं झाड पुढे जोर धरत नाही.

जागा चुकली तर पुढची सगळी मेहनत वाया. अशोकाला हवी खोल, पालापाचोळ्याची, ओल धरणारी पण पाणी न साचणारी माती, अर्धवट सावली आणि जवळ पाणी. पोफळींच्या कडेला, पाटाच्या काठाला, आंबा-फणसाच्या सावलीच्या किनारीला ते खुलतं. व्हाळाकाठी लावताना पुराची रेघ पाहा: पावसाळ्यात झुडपांना अडकलेला पाला ज्या उंचीवर सुकून राहतो ती. तिच्या वर लावा. वर्षभराचं रोप पुरात टिकत नाही.

किनारपट्टीवर खाऱ्या वाऱ्याच्या थेट माऱ्यात लावू नका. लावायचंच असेल तर घराच्या आडोशाला. आणि सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, तर अजिबात नको. एका वृक्षारोपणात शंभरेक अशोक जांभ्याच्या उघड्या सड्यावर, खडक फोडून केलेल्या खड्ड्यांत लावलेले मी पाहिले आहेत. फोटो निघाले, पाटी लागली. डिसेंबरात जाऊन पाहिलं तर काड्या उभ्या होत्या. त्यात झाडं तर गेलीच, सड्याचंही नुकसान झालं. सडा ओसाड दिसतो पण ओसाड नसतो. पावसाळ्यात तिथे जी इवलीशी फुलझाडं उगवतात त्यातली काही जगात दुसरीकडे क्वचितच आढळतात. गोव्याचंच नाव मिळालेली डिपकडी गोएन्से ही कंदवनस्पती अशाच सड्यावरची, आणि शास्त्राला तिची ओळख झाली ती २००९ साली. एक दुर्मीळ झाड लावायला दुसऱ्या दुर्मीळ झाडाचं घर फोडायचं, हे संवर्धन नाही.

लावणी आणि तीन उन्हाळे

खड्डा मे महिन्यात खणा, दोन फूट लांब, रुंद, खोल. वरची काळसर माती एका बाजूला, खालची तांबडी दुसऱ्या बाजूला. खड्डा काही दिवस तापू द्या. भरताना वरची माती आधी तळाला, तिच्यात दोन-तीन टोपल्या कुजलेलं खत आणि पातेरा. पाऊस नीट बसला, जमीन हातभर ओली झाली की लावा, म्हणजे जूनच्या उत्तरार्धात किंवा जुलैत. पहिल्या सरीला धावत जाऊन लावू नये. मधे आठ दिवस उघडीप पडली तर रोप होरपळतं.

पिशवी ब्लेडने उभी कापून काढा, मातीचा गोळा फुटू देऊ नका. रोप जमिनीच्या पातळीपेक्षा दोन बोटं उंचवट्यावर बसवा, म्हणजे बुंध्याशी पाणी साचणार नाही. दोन झाडांत पाच मीटर अंतर ठेवा. एकच लावण्यापेक्षा वेगवेगळ्या आईची तीन-चार जवळपास लावली तर पुढे बी धरायला बरं. बांबूचा आधार वाऱ्याच्या दिशेला, आणि बांधायला केळीचं सोपट किंवा सुंभ, सैल.

मग खरी कसोटी लागते ती ऑक्टोबर ते मे. गोव्यात लावलेली झाडं पावसात मरत नाहीत, ती फेब्रुवारीत मरतात, जेव्हा लावणारे घरी गेलेले असतात. पहिली तीन वर्षं आठवड्यातून दोनदा पाणी हवंच. पाट जवळ असेल तर बारीक चर काढून द्या. नसेल तर बुंध्यापासून दीड हातावर, तळाला बारीक भोक पाडून त्यात चिंधीची वात घातलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरा आणि ते भरत राहा; पाणी हळूहळू मुळाशीच झिरपतं. बुंध्याभोवती पातेऱ्याचा चार बोटं जाड थर, पण खोडाला न टेकता. खोडाला टेकला की वाळवी चढते.

काजूच्या डोंगराला लागून जागा असेल तर जानेवारीतच झाडाभोवती दोन-तीन मीटर रुंदीचा पट्टा साफ करा. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यासह गोव्यात कितीतरी डोंगर पेटले होते. त्या आठवड्यात आमच्या वाड्यावर रात्री राखेचा वास येत होता आणि माणसं आळीपाळीने जागत होती. अशोकाची साल वणवा सोसणारी नाही. लहान झाड एका आगीतच जातं.

गवे येत असतील तर बांबूचं कुंपण दोन पदरी करा. एक गवा रोप खात नसला तरी तुडवून जातो.

वाढ सावकाश असते. पहिली दोन वर्षं झाड जागचं हलत नाही असंच वाटतं; ते खाली मूळ सोडत असतं. बियांपासून लावलेल्या झाडाला पहिला फुलोरा यायला सहा-आठ वर्षं, कुठे जास्तही लागतात.

सालीबद्दल

कुळागरांतून सालीसाठी विचारणा होते, म्हणून हे सविस्तर लिहिते. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या एका अशोकाची साल कोणीतरी काढून नेली. कमरेच्या उंचीवर, हातभर रुंद, गोल सगळीकडून. पावसाळ्यात त्याच्याजवळून गेलो तेव्हा पानं हिरवीगार होती. सोबतचे पाडेली दादा म्हणाले, "बघा वहिनी, झाडाला काही झालं नाही." मलाही तसंच वाटलं. पण पानांना पाणी पोचतं ते आतल्या लाकडातून, ते शाबूत होतं. पानांनी केलेलं अन्न मुळांकडे उतरतं ते सालीच्या आतल्या थरातून, आणि तो थर तुटला होता. मुळं साठवणीवर वर्षभर जगली. पुढच्या चैत्रात झाडाने पालवी काढली ती अगदी आखूड, आणि मे महिन्यात ते उभ्या उभ्या वाळलं. शेंगा न धरताच.

म्हणून गोल साल कधीच काढू देऊ नका, थोडीसुद्धा नाही. घरच्या औषधाला लागली तर वैद्यांच्या सांगण्यावरून, छाटलेल्या फांदीची घ्या, खोडाची नको. व्यापारासाठी साल हवी असेल तर त्यासाठी वेगळी लागवड करावी आणि झाड वीसेक वर्षांचं होईपर्यंत थांबावं. रानातल्या झाडाची साल विकत घेऊ नये. झाड तोडण्याचा प्रश्न आला, घरबांधणीत, रस्त्यात, तर १९८४ च्या गोव्याच्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली खासगी जागेतल्या झाडालाही परवानगी लागते. ही गोष्ट शेजाऱ्यांना वेळेत सांगितली तर एखादं झाड वाचतं. करवत लागल्यावर सांगून उपयोग नाही.

नोंद आणि पुढे देणं

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवली जाते. तुमच्या गावच्या नोंदवहीत सीता अशोक आहे का ते विचारा. नसेल तर तुमच्या वहीतली माहिती लेखी द्या: किती झाडं, कुठल्या वाड्यावर, किती घेराची. आईवडिलांना, आजीला त्या झाडाबद्दल जे ठाऊक आहे तेही लिहा. मात्र फोटो फेसबुकवर किंवा एखाद्या निसर्गनोंदीच्या ॲपवर टाकताना नेमकी जागा उघड करू नका, तालुका पुरे. साल चोरणारेही ते वाचतात.

रोप कुणाला देताना मी पिशवीला ॲल्युमिनियमची पट्टी बांधते. तिच्यावर खिळ्याने कोरलेलं असतं: आईझाडाचा क्रमांक आणि पेरणीचं साल. आणि घेणाऱ्याला एकच अट घालते, तीन वर्षं दर मे महिन्यात उंची मोजून कळवायची. सगळे कळवत नाहीत. गेल्या मे महिन्यात मात्र डिचोलीहून एका मावशींचा फोन आला. त्यांच्याकडचं रोप, आईझाड क्रमांक चार, छातीइतकं झालंय. नवी पानं आलीत आणि सगळी मान टाकून आहेत, पाणी घालू का? मी म्हटलं, मावशी, आधी मातीला बोट लावून बघा. त्या फोन तसाच हातात धरून मागच्या अंगणात गेल्या. ओल आहे, म्हणाल्या.